‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : आरोप आणि निकाल यांतील विसंगती

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ह्या नाटकाविषयी मराठीत आजवर विपुल लेखन झालेले आहे. १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले, लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली, १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट काढला. तेव्हापासून मध्यमवर्गीयांची दांभिकता, समूहाच्या अंगी असणारे सुप्त क्रौर्य आणि एकाकी स्त्रीची ससेहोलपट ह्या तीन सूत्रांच्या आधारे ह्या नाटकाची चर्चा प्रायः होत आली आहे. ह्या सूत्रांचे महत्त्व अमान्य करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. येथे विचार करावयाचा आहे तो त्यांहून मर्यादित अशा एका प्रश्नाचा.

प्रश्न असा : अभिरूप न्यायालयात बेणारेवर जो आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा आहे, आणि नाटकाच्या अखेरीस तेच न्यायालय तिला जी शिक्षा फर्मावते ती तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याची आहे. ज्या कृत्यासाठी आरोपीला पिंजऱ्यात उभे केले, तेच कृत्य न्यायासनाच्या आज्ञेने घडावयाचे आहे. आरोप आणि निकाल यांतील ह्या उघड विसंगतीची उपपत्ती कशी लावावयाची?

ह्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर दांभिकतेचे आहे. ही माणसे बोलतात एक आणि करतात दुसरेच. त्यांची नीती उसनी असल्यामुळे ती अखेरीस स्वतःवरच उलटते, असे सांगितले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. दांभिकतेचा आरोप करताना आपण नकळत असे गृहीत धरतो की, मूळ तत्त्व योग्यच आहे. दोष आहे तो ते न पाळणाऱ्यांचा. तसे असते तर काशीकर आणि सुखात्मे हे प्रामाणिक असते म्हणजे बेणारेला न्याय मिळाला असता, असे म्हणावे लागेल. नाटकाचे बारकाईने वाचन केल्यास ह्या निष्कर्षाला आधार सापडत नाही. आमच्या मते आरोप आणि निकाल यांमध्ये वरवर दिसणारा विरोध हा तत्त्वतः विरोधच नव्हे. दोन्ही एकाच गृहीतकातून निघतात : स्त्रीच्या गर्भाशयासंबंधीचा निर्णय ती स्वतः सोडून इतर कोणीही घेऊ शकतो. गर्भ राखावा असे ठरविणारे आणि तो नष्ट करावा असे ठरविणारे एकच असतील, तर खरा विवाद गर्भाचा नसून अधिकाराचा असतो. हे प्रतिपादन नाटकाच्या आणि त्याला पार्श्वभूमी असलेल्या कायद्याच्या आधारे तपासून पाहणे हा ह्या लेखाचा उद्देश आहे.

१

प्रथम आरोपाचा विचार करू. मुंबईहून एका खेड्यात प्रयोगासाठी आलेल्या हौशी मंडळींना रात्रीच्या प्रयोगापर्यंतचा वेळ घालवावयाचा आहे. रात्री ज्याचा खटला चालावयाचा तो अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन, विषय अण्वस्त्रांचा. गावातील सामंत ह्या भाबड्या गृहस्थाला अभिरूप न्यायालय म्हणजे काय ते कळावे एवढ्याच निमित्ताने एक लुटुपुटीचा खटला उभा राहतो आणि आरोपी म्हणून बेणारेची निवड होते. आरोप कोणता असावा ह्याचा निर्णय तिच्या अनुपस्थितीत घेतला जातो. तो निवडताना काशीकरांनी दिलेले कारण महत्त्वाचे आहे. भ्रूणहत्येच्या प्रश्नाला सामाजिक महत्त्व आहे आणि आपण जे करतो ते समाजहितासाठी करतो, असा त्यांचा आशय आहे. जागतिक विध्वंसाच्या प्रश्नावरून ही मंडळी एका स्त्रीच्या उदरापर्यंत इतक्या सहजतेने येऊन पोहोचतात, आणि दोन्ही विषयांवर निर्णय देण्याचा आपला अधिकार त्यांना सारखाच निःशंक वाटतो.

आरोप वाचून दाखविताना भारतीय दंडविधानाच्या ३०२ व्या कलमाचा उल्लेख होतो. हे कलम खुनाच्या शिक्षेचे आहे. वस्तुतः १८६० च्या दंडविधानाने गर्भपात आणि खून यांत प्रथमपासूनच भेद केलेला होता. मनुष्यवधाची व्याख्या करणाऱ्या २९९ व्या कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात, मातेच्या उदरातील अपत्याचा मृत्यू घडविणे म्हणजे मनुष्यवध नव्हे, असे स्वच्छ सांगितले होते. गर्भपाताची कलमे निराळी; ती ३१२ पासून सुरू होत. ३१२ व्या कलमानुसार, स्त्रीचा जीव वाचविण्याच्या सद्हेतूवाचून गर्भपात घडवून आणणारास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. गर्भाचे चलनवलन सुरू झालेले असल्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड, अशी तरतूद होती. फाशी किंवा जन्मठेप ह्या कलमात कोठेही नाही.

कलमाच्या आकड्याची ही चूक नाटककाराची की पात्रांची, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. त्याचा निर्णय करण्याची आवश्यकता नाही, कारण नाट्यांतर्गत परिणाम दोन्ही पक्षी एकच राहतो. सुखात्म्यांसारखा व्यवसायाने वकील असलेला मनुष्य समोर असूनही त्या आकड्याविषयी कोणालाही शंका येत नाही. ह्या मंडळींना कायदा हवा आहे तो त्याच्या दरार्‍यासाठी. त्यातील भेदाभेदांसाठी नव्हे. कायद्याने जेथे प्रतवारी लावली होती तेथे त्यांनी ती पुसून टाकली आहे, आणि पुसताना गर्भवती स्त्रीला खुनी ठरविणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटले आहे.

‘भ्रूणहत्या’ ह्या शब्दाकडेही येथे लक्ष वेधणे अवश्य आहे. दंडविधानाची भाषा गर्भपाताची आहे. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द धर्मशास्त्राच्या पातकगणनेतून आलेला आहे. धर्मसूत्रांत ‘भ्रूणहा’ हे पद गर्भाचा घात करणाऱ्याला आणि विद्वान ब्राह्मणाचा घात करणाऱ्यालाही लावलेले आढळते. म्हणजे ह्या शब्दाच्या मुळाशी कुल, वंश आणि यज्ञाधिकार यांची चिंता आहे. अभिरूप न्यायालयाने कलम इंग्रजी राज्यातील दंडविधानाचे घेतले आणि गुन्ह्याचे नाव धर्मशास्त्राचे ठेवले. आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्गाचे नैतिक विश्व ज्या दोन साधनांनी घडले आहे, ती दोन्ही एका वाक्यात एकत्र आलेली आहेत.

२

आता निकालाकडे वळू. काशीकरांच्या निकालपत्राचा आशय असा की, आरोपीचे पातक अक्षम्य आहे. त्या पातकाची खूण पुढील पिढ्यांसाठी मागे राहता कामा नये. म्हणून तिला जगू द्यावे, पण तिच्या उदरातील गर्भ नष्ट करावा.

ह्या निकालाची तुलना तत्कालीन कायद्याशी केली असता दोन गोष्टी नजरेत भरतात. पहिली अशी की, १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३८२ व्या कलमानुसार, देहान्ताची शिक्षा झालेली स्त्री गर्भवती असल्याचे आढळल्यास उच्च न्यायालयाने शिक्षेची अंमलबजावणी पुढे ढकलावी, आणि योग्य वाटल्यास ती कमी करावी, असा नियम होता. खून केलेल्या स्त्रीच्याही उदरातील गर्भाला शिक्षेची झळ पोहोचू नये, ही त्यामागील दृष्टी. काशीकरांचे न्यायालय ह्याच्या नेमके उलट करते : स्त्रीला सोडते आणि गर्भाला देहान्त देते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात घडवून आणणे हा ३१३ व्या कलमाखालील स्वतंत्र अपराध होता, आणि त्याची शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास अशी होती. ज्या न्यायालयाने बेणारेला आरोपी केले, त्याच्या निकालाची अंमलबजावणी झाली असती तर न्यायाधीशच तिच्यावरील संभाव्य आरोपाहून कितीतरी जड अपराधास पात्र ठरला असता. दंडविधानाच्या दृष्टीने पाहिले तर नाटकाच्या अखेरीस खोलीत गुन्हेगार आहेत ते बेणारेखेरीज इतर; आणि बेणारेने कोणताही अपराध केलेला नाही. तिने गर्भ पाडलेला नाही, पाडण्याचा यत्नही केलेला नाही. तिला तो वाढवावयाचा आहे.

हा शेवटचा मुद्दा समीक्षकांकडून बहुधा निसटतो. देहस्वातंत्र्याचा प्रश्न निघाला म्हणजे गर्भपाताची मुभा मागणारी स्त्रीच आपल्या डोळ्यांपुढे येते. बेणारे ही मुभा मागत नाही. तिची मागणी अपत्याला जन्म देऊ देण्याची आहे. एका स्त्रीला गर्भ ठेवण्यास भाग पाडणे आणि दुसरीला तो टाकण्यास भाग पाडणे, ह्या भिन्न वाटणाऱ्या सक्तींचे मूळ एकच आहे, हे दाखविण्यास बेणारेसारखी नायिकाच आवश्यक होती. तिने गर्भपाताची इच्छा धरली असती तर निकाल तिच्या इच्छेशी जुळला असता आणि नाटकाचा अर्थच हरपला असता.

३

मराठी वाङ्मयात ह्या प्रश्नाची परंपरा तेंडुलकरांपासून सुरू होत नाही. १८६३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी गुप्तपणे तेथे येऊन बाळंत व्हावे, आणि मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. त्याच गृहात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतला. ह्या उपक्रमाचे वैशिष्ट्य असे की, त्यात स्त्रीला तिची करणी विचारलेली नाही. निर्णयासाठी तिला केवळ सुरक्षित जागा दिलेली आहे.

१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली. ती पुढे काळ्या पाण्यावर आणि अखेरीस पाच वर्षांवर आली. ह्या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समग्र स्त्रीजातीच्या नीतीवर जी टीका झाली तिच्या संतापातून ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये निर्माण झाला. ताराबाईंच्या युक्तिवादाचा गाभा असा की, स्त्रियांच्या माथी मारले जाणारे सगळे दोष पुरुषांत तितकेच, किंबहुना अधिक आहेत. आणि तरीही दंड मात्र एकटीच भोगते. विधवेला पुनर्विवाह नाकारावयाचा, तिच्या असहायतेचा लाभ घ्यावयाचा आणि मग परिणामाचा जाब तिच्याकडूनच मागावयाचा, हा व्यवहार त्यांनी नाव घेऊन उघडा पाडला.

ताराबाईंचा निबंध आणि तेंडुलकरांचे नाटक यांत पंच्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात विधवाविवाह रूढही होऊ लागला होता. स्त्रिया शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ह्या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमनाचा आणि स्त्रीच्या कामजीवनातील स्वातंत्र्याचा पुरस्कार अविरत केला. बेणारे ही विजयालक्ष्मीप्रमाणे परावलंबी विधवा नाही. ती स्वतः मिळवती शिक्षिका आहे. तरीही तिची अवस्था मूलतः बदललेली नाही. किंबहुना तिच्या बाबतीत शिक्षेचे एक नवे साधन उपलब्ध झाले आहे, ते म्हणजे तिची नोकरी. शाळेच्या चालकांनी तिला काढून टाकण्याचे ठरविले असल्याची वार्ता काशीकर न्यायालयातच सांगतात. जिच्या जोरावर ती स्वतंत्र झाली तीच वस्तू काढून घेता येते. पूर्वी जातीने वाळीत टाकावे लागे, आता एका पत्राने भागते.

४

खटल्यातील पुराव्याचे स्वरूप पाहिले असता आमचे प्रतिपादन अधिक स्पष्ट होईल. रोकडे, सामंत, पोंक्षे, कर्णिक, काशीकरबाई असे एकेक जण साक्ष देतात. त्यांपैकी कोणाचीही साक्ष आरोपाशी संबद्ध नाही. गर्भ नष्ट झाला किंवा काय, ह्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. रोकडे सांगतो ते प्राध्यापक दामले यांच्या खोलीत तिला पाहिल्याचे. सामंत हातातील कादंबरीच्या आधारे कल्पित साक्ष रचतो, आणि ती सत्याच्या विलक्षण जवळ जाते. तिने आपल्याला लग्नाविषयी विचारले होते आणि गर्भ दामल्यांचा असल्याचे सांगितले होते, हे पोंक्षे उघड करतो. कर्णिक तिच्या अल्पवयातील मामावरील प्रेमाची आणि आत्महत्येच्या प्रयत्नाची कहाणी आणतो. येणेप्रमाणे आरोप एका कृत्याचा, पण पुरावा सगळा आयुष्याचा. अखेर साक्षीदार होण्यासाठी न्यायाधीश आपले आसन सोडून खाली उतरतो, आणि फिर्यादीचा वकील खुर्ची बदलून बचावाचाही वकील होतो. आरोप ठेवणारा, साक्ष देणारा, बचाव करणारा आणि निर्णय देणारा पक्ष वस्तुतः एकच आहे.

ह्या सर्वांत दामल्यांचे स्थान विचारात घेण्यासारखे आहे. ते रंगभूमीवर कधीही येत नाहीत. साक्षीदार म्हणून त्यांचे नाव येते. आरोपी म्हणून नव्हे. गर्भाच्या उत्पत्तीत ज्यांचा वाटा निम्मा, त्यांचा अपराधात वाटा शून्य. दंडविधानाच्या ३१२ व्या कलमाच्या स्पष्टीकरणातही हाच असमतोल दिसतो. आपला गर्भपात स्वतः घडवून आणणारी स्त्रीही ह्या कलमाच्या कक्षेत येते, असे तेथे आवर्जून नमूद केलेले होते. ज्या पुरुषामुळे ती ह्या अवस्थेला पोहोचली त्याचा निर्देश करण्याचे कायद्याला प्रयोजनच पडले नाही. नाटकातील दामल्यांची अनुपस्थिती ही नाट्यतंत्राची सोय म्हणून समजावयाची नसून, कायद्याच्या रचनेचे ते यथार्थ चित्र आहे.

फ्रीड्रिश ड्यूरेनमाट ह्या स्विस लेखकाच्या ‘डी पाने’ (१९५६) ह्या कथेशी ह्या नाटकाचे साम्य अभ्यासकांनी दाखविलेले आहे. तेथेही निवृत्त न्यायाधीश, वकील इत्यादी मंडळी करमणुकीसाठी एका पाहुण्यावर खटला चालवितात आणि खेळातून खरा अपराध बाहेर पडतो. परंतु दोहोंतील भेद साम्याहून बोधक आहे. ड्यूरेनमाटचा ट्रॅप्स हा फिरता विक्रेता गप्पांच्या ओघात स्वतःच आपले रहस्य उलगडतो, आपल्या अपराधाचा त्याला एक प्रकारचा अभिमान वाटू लागतो, आणि स्वतःचा शेवट तो स्वतः करतो. त्याच्या विरुद्धचा पुरावा त्याच्या वाणीत आहे. बेणारे खटल्याच्या उत्तरार्धात बोलेनाशी होते. तिच्या विरुद्धचा पुरावा तिच्या शरीरात आहे. पुरुष आरोपीला निदान आपल्या कृत्याचा कर्ता असल्याचा मान मिळतो. स्त्री आरोपी ही खटल्यातील मुद्देमाल होऊन बसते.

५

निकालापूर्वी बेणारेला आपले म्हणणे मांडण्यासाठी दहा सेकंद देण्यात येतात. तीवेळी इतर पात्रे निश्चल होतात आणि तिचे प्रदीर्घ स्वगत सुरू होते. ह्या स्वगताविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. ते भावविवश आहे, नाटकाच्या संयत बांधणीत ते बसत नाही, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. त्यातील काही भाग अलंकारिकतेकडे झुकतो. तथापि त्याची योजना ज्या रीतीने केली आहे तीत कायद्याविषयीचे एक अचूक निरीक्षण आहे. ती जे बोलते ते न्यायालयाच्या कानावर पडत नाही. प्रेक्षक तेवढे ऐकतात. न्यायालयाच्या दृष्टीने दहा सेकंद शांततेत गेले. आरोपीचे म्हणणे नोंदीत घेण्यासाठी जी भाषा लागते ती ह्या न्यायालयापाशी नाही. म्हणून ते म्हणणे नोंदीबाहेर, कालाबाहेर बोलले जाते. नाटकाच्या शीर्षकातील ‘शांतता’ ही कोणाची, ह्याचे उत्तर येथे मिळते.

पहिल्या अंकात हीच बेणारे आपल्या आयुष्याचे काय करावयाचे ते आपण ठरवू, इतरांना त्यात अधिकार नाही, असे उसळून सांगते. स्वगतात मात्र आपल्या शरीराविषयी ती द्विधा आहे. ज्या शरीराने दगा दिला त्याचा तिला तिटकारा आहे आणि त्याचीच ओढही आहे. आता ते तिला हवे आहे ते त्यात वाढणाऱ्या जीवासाठी. त्या जीवाला आई हवी, बापाचे नाव हवे, घर हवे, असे तिला वाटते. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. स्वतःच्या शरीरावरील हक्क बेणारे स्वतःसाठी मागत नाही, अपत्यासाठी मागते. पोंक्षेला आणि रोकडेला ती लग्नाविषयी विचारते तीही अपत्याला नाव मिळावे म्हणून. म्हणजे बापाच्या नावावाचून मूल समाजात उभे राहू शकत नाही, हा काशीकरांचा सिद्धांत तिनेही स्वीकारलेला आहे. भेद एवढाच की, त्या सिद्धांतापासून काशीकर गर्भनाशाचे अनुमान काढतात आणि ती नवरा शोधण्याचे.

ही नाटकाची मर्यादा आहे असे आम्हांस वाटते. मातृत्वाने पावन झाल्याशिवाय स्त्रीच्या देहाला सहानुभूती मिळत नाही, हा संकेत नाटककाराने पूर्णपणे मोडलेला नाही. बेणारेला मूल नको असते, तर प्रेक्षकांची करुणा तिच्या वाट्याला इतकीच आली असती काय? ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर नकारार्थी द्यावे लागेल. देहस्वातंत्र्याचे तत्त्व नाटकाच्या रचनेतून जितक्या निःसंदिग्धपणे प्रकट होते तितके ते नायिकेच्या मुखातून होत नाही. मात्र ही मर्यादा दाखविताना हेही सांगितले पाहिजे की, पर्यायच नसलेल्या स्त्रीने उपलब्ध चौकटीत आश्रय शोधावा, ह्यात अस्वाभाविक काही नाही. तिच्या पिशवीतून बाहेर पडलेली विषाची बाटली तिला दिसत असलेल्या पर्यायांची संख्या पुरेशी स्पष्ट करते.

६

नाटकाचा काळ हा कायद्यातील संक्रमणाचाही काळ होता. गर्भपाताच्या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९६४ मध्ये एक समिती नेमली. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह हे तिचे अध्यक्ष होते. १९६६ च्या अखेरीस समितीने आपला अहवाल सादर केला. म्हणजे नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी सुमारे एक वर्ष. अकुशल हातांनी, चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रियांचे जीव जातात, म्हणून कायदा सैल करावा, असे समितीचे मत पडले. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात अधिनियम आला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला.

ह्या अधिनियमाने असंख्य स्त्रियांना दिलासा दिला, हे निर्विवाद आहे. तथापि वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याच्या वाक्यरचनेकडे लक्ष द्यावे. तिसऱ्या कलमातील मुख्य विधानाचा कर्ता नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक आहे. विशिष्ट परिस्थितीत गर्भपात केल्यास तो अपराधी ठरणार नाही, असे ते विधान आहे. स्त्रीला अमुक करण्याचा हक्क आहे, असे वाक्य अधिनियमात नाही. तिची संमती आवश्यक मानली आहे, आणि ही गोष्ट मोठीच आहे. काशीकरांचा निकाल तेवढ्यानेच अवैध ठरतो. परंतु संमती म्हणजे निर्णय नव्हे. तिने ठरविल्यावर वैद्याचे मत अनुकूल पडावे लागते. ठराविक आठवड्यांपुढे दोन वैद्यांचे. मूळ अधिनियमात संततिप्रतिबंधक साधन निष्फळ ठरल्याचे कारण विवाहित स्त्री आणि तिचा पती यांच्यापुरतेच मान्य होते. बेणारेसारख्या अविवाहितेला त्या स्पष्टीकरणात जागा नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ ह्याऐवजी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ अशी शब्दयोजना केली, तसेच काही वर्गांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या वाढीव मुदतीतून अविवाहितेला वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. एका विशेषणाचा लोप होण्यास पन्नास वर्षे लागली.

बेणारेच्या प्रकरणाला अधिक निकटचा असा निर्णय २००९ मधील आहे. चंडीगढ येथील शासकीय आश्रयगृहात राहणारी एक मतिमंद तरुणी अत्याचारातून गर्भवती राहिली. प्रशासनाने तिच्या गर्भपाताची परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयाने ती दिली. त्या तरुणीला मात्र मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेला मान देऊन तो आदेश रद्द केला, आणि अपत्याला जन्म देणे किंवा न देणे ह्याविषयीचा निर्णय हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे म्हटले. तिच्या हिताच्या भावनेने का होईना, इतरांनी ठरविलेला गर्भपात आणि तिच्यावर लादलेले मातृत्व यांना एकाच तत्त्वाने उत्तर देता येते, हे त्या निर्णयाने दाखविले. नाटकाने प्रसंगांतून जे सुचविले होते तेच येथे कायद्याच्या भाषेत आलेले आढळते.

असे असूनही मूळ चौकट बदललेली नाही. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने ३१२ वे कलम तीत ८८ वे झाले, आणि स्वतः गर्भपात घडवून आणणाऱ्या स्त्रीला अपराधाच्या कक्षेत आणणारे स्पष्टीकरणही तसेच राहिले. नियम अपराधाचा, वैद्यकीय अधिनियम हा त्याचा अपवाद. अपवादाच्या आश्रयाने जगणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक वेळी आपली पात्रता सिद्ध करावी लागते. बेणारेची उलटतपासणी ह्या अर्थाने अजून संपलेली नाही.

येथे पुन्हा ‘भ्रूणहत्या’ ह्या शब्दाकडे यावे लागते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाच्या नियमनाचा कायदा केला आणि १९९४ मध्ये तसा केंद्रीय कायदा झाला. मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपातांविरुद्धची ही चळवळ सर्वथैव आवश्यक होती. परंतु तिच्या प्रचारात ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द रूढ झाला आणि त्याबरोबर प्रत्येक गर्भपात ही हत्याच, असा समज लोकमानसात दृढावला. वस्तुतः त्या कायद्याचे लक्ष्य लिंगनिदान हे आहे. गर्भपात हे नव्हे. मुलगी नको म्हणून सुनेवर दडपण आणणारे कुटुंब आणि बेणारेला निकाल ऐकविणारे काशीकर यांची जात एकच आहे : निर्णय तिचा नाही, असे दोघांनाही वाटते. त्या दडपणाला विरोध करताना काशीकरांचाच शब्द वापरल्याने आपण आपल्या पक्षाची हानी करतो. अलीकडे काही अभ्यासक आणि कार्यकर्ते ‘गर्भलिंगनिदान’ हा शब्द कटाक्षाने वापरतात, ते योग्यच आहे.

सारांश, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधील आरोप आणि निकाल यांची विसंगती ही पात्रांच्या दांभिकतेचा केवळ एक पुरावा म्हणून पाहिली जाऊ नये. तीत नाटकाचा मुख्य विचार आहे. गर्भाच्या रक्षणाची भाषा करणारे न्यायासन क्षणार्धात गर्भनाशाची आज्ञा देऊ शकते, कारण त्याला चिंता गर्भाची नसून स्वतःच्या अधिकाराची असते. म्हणून हे नाटक गर्भपाताच्या बाजूचे की विरोधी, हा वर्गात विद्यार्थ्यांकडून हटकून विचारला जाणारा प्रश्न मुळातच चुकीच्या ठिकाणी उभा आहे. नाटक विचारते ते एवढेच की, निकाल देण्याचा अधिकार ह्या मंडळींना कोणी दिला. ताराबाई शिंदे यांच्या निबंधापासून ह्या नाटकापर्यंत आणि तेथून पुढच्या स्त्रीलिखित कथा-कादंबऱ्यांपर्यंत हा प्रश्न मराठीत कोणत्या शब्दांत विचारला गेला, आणि त्या शब्दांवर धर्मशास्त्र व दंडविधान यांची छाया किती पडली, ह्याचा क्रमवार शोध व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात त्यातील एका नाटकापुरता यत्न केला आहे.